हयात आहात का?

विट्याच्या मुळीकांच्या दारात दर शुक्रवारी मोगऱ्याचा गजरा यायचा, आणि घरातल्या कुणीही तो मागवलेला नसायचा.

आता गजरा म्हणजे काही साप नव्हे की बघून किंचाळावं. किराण्याची बिनड्रायव्हरची गाडी यायची, तूरडाळ, शेंगदाणे, साबण यांच्या जोडीला केळीच्या पानात गुंडाळलेला ओलसर गजरा असायचा, आणि मोबाइलवर दुकानाचा निरोप: "रेवतीताई, सेलमची तुमची शुक्रवारची आवड आता विट्यातही!" पण मयूरीच्या अंगावर तो बघून काटा यायचा. मोगऱ्याच्या वासानं तिचं डोकं दुखायचं. सेलमला दर शुक्रवारी गजरा माळायची ती रेवती, आणि ती जाऊन अकरा वर्षं झाली होती.

इथे जरा थांबून घरातली माणसं सांगायला हवीत, नाहीतर वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायचा, जसा पुढे मशीनचा झाला.

संग्राम मुळीक हा गलाईवाला. जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं हे काम. खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं त्यापायी देशभर पांगली आहेत. संग्रामचं दुकान तमिळनाडूत, सेलमला. त्याची बायको रेवती. त्यांची मुलगी शर्वरी आठ महिन्यांची असताना रेवती तिथल्या एका इस्पितळात साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली आणि परत आलीच नाही. "ताप भरला आन् गेली," संग्रामची आई शालनबाई सांगायच्या. "हाताला चटका बसावा असा ताप म्हणं. चांगली हसत गेली हुती पोर." संग्राम एका हातात अस्थींचा कलश आणि दुसऱ्या हातात तान्ही पोर घेऊन गावी आला. पुढच्या वर्षी आटपाडीच्या जगन्नाथ घाडग्यांची मयूरी त्या घरात सून म्हणून आली.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. संग्रामनं लिहिलं: रेवती. मयूरीनं चमकून वर पाहिलं, तेव्हा शालनबाई तिच्या कानाशी वाकल्या. "पोरीसाठी गं. नाव त्येच असलं म्हंजे उद्या कुणाची जीभ घसरली तरी तिला कळायचं न्हाई. आई गेलीच न्हाई तिची, असंच वाटू दे." शालनबाई दुष्ट होत्या असं कुणी म्हणू नये. आई नसलेलं मूल कसं वाढतं ते त्यांना ठाऊक होतं, कारण त्या स्वतःच तशा वाढल्या होत्या.

आणि त्या जे म्हणाल्या ते सगळ्यांनी पाळलं, अगदी इमानेइतबारे. रेवतीचा भाऊ दर भाऊबीजेला यायचा आणि मयूरीकडून ओवाळून घ्यायचा. ताट हातात घेताना दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत. मयूरीच्या गळ्यात रेवतीचा चांदीचा टाक आला. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीची प्रतिमा गळ्यात घालायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. हा टाक कुणाचा असं शर्वरीनं विचारलं की सांगायचं, देवीचा. पोरगी शाळेत जाताना त्याला हात लावून पाया पडायची.

सगळ्यात मोठी चूक मात्र सरकारी कागदांतली होती, आणि ती केली संग्रामनं. नवं ओळखीचं कार्ड काढायचे खेटे नकोत म्हणून त्यानं सेलमच्या एका एजंटाला धरून रेवतीच्या जुन्या कार्डावरच मयूरीचा फोटो आणि अंगठा चढवला. रेवतीच्या मृत्यूची नोंद तिथल्या नगरपालिकेत तमिळमध्ये पडून राहिली. कार्ड एकीकडे, नोंद दुसरीकडे, इस्पितळाचे कुणी न वाचलेले कागद तिसरीकडे. एकमेकांशी बोलत नव्हते तोवर सगळं आलबेल होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग 'एकसूत्र' आलं.

एकसूत्राची करामत सांगायला सोपी आहे, करायला महाकठीण. देशातल्या प्रत्येक कचेरीची, इस्पितळाची, दुकानाची माहिती आपापल्या मशीनमध्ये असते, आणि प्रत्येक मशीनची बोली वेगळी. एक जन्मतारीख मागतं, दुसरं नुसतं वय. एक नवऱ्याचं नाव लिहितं, दुसरं बापाचं. पूर्वी सगळी माहिती एका जागी गोळा करायचे प्रयत्न झाले आणि फसले. एकसूत्रानं माहितीला हातच लावला नाही. माहिती आपापल्या घरी राहिली. प्रश्न तेवढा पाहुण्यासारखा दारोदार जाऊ लागला. तुम्ही एक प्रश्न विचारायचा, एकसूत्र त्याचे तुकडे करायचं, प्रत्येक तुकडा त्या त्या मशीनच्या बोलीत विचारायचं, आणि आलेली उत्तरं गुंफून तुमच्यापुढे ठेवायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

अडचण एकच. सेलमची रेवती आणि विट्याची रेवती एकच की दोन, हे ओळखायचं कसं? जुन्या नोंदींवर सामाईक क्रमांक नसायचे. तिथं एकसूत्र तोलून बघायचं: नाव तेच, नवरा तोच, मूल तेच, पत्ता तोच, मग बाईही तीच असणार. आणि एका नोंदीत बाई मेलेली, दुसरीत जिवंत असेल तर? जिवंत माणसांना कागदावर मारून टाकायचे प्रकार आपल्याकडे इतके झालेले की एकसूत्र बांधणाऱ्यांनी त्यासाठी चांगल्या मनानं एक नियम केला. अशा माणसालाच विचारायचं. त्यानं अंगठा लावून 'हयात' म्हटलं की मृत्यूची नोंद बाजूला ठेवायची.

लग्नानंतर सेलमला राहिलेलं मुळीक कुटुंब, एकटा संग्राम सोडून, विट्याला राहायला आलं त्याच वर्षी मयूरीच्या मोबाइलवर तो प्रश्न आला. "रेवती संग्राम मुळीक, आपल्या नावे मृत्यूची नोंद आढळली आहे. आपण हयात आहात का?"

 संग्राम सेलमला दुकानावर होता. तिनं मोबाइल सासूपुढे धरला. "आत्या, सांगून टाकूया का खरं काय ते? दोन बायका म्हणून?"

"खुळी का काय तू?" शालनबाई म्हणाल्या. "शाळेच्या दाखल्यावर 'आई मयत' असं छापून येईल. पोरगी वाचील की!" आणि त्यांनी मयूरीचं मनगट धरून तिचा अंगठा काचेवर टेकवला. "हयात. झालं. काय मोठं?"

संध्याकाळी संग्रामला फोनवर कळलं तेव्हा त्यानं आधी शर्वरी कुठं आहे ते विचारलं. मग म्हणाला, "बरं केलंस."

आणि रेवती घरात यायला लागली.

आधी गजरा आला. मग चपलांच्या दुकानानं तिच्या मापाच्या चपला पाठवल्या, मयूरीच्या पायाला आखूड. मग सेलमच्या वाचनालयानं आठवण दिली की रेवतीताईंचं पुस्तक अर्धं वाचून झालंय, पुढचं पाठवू का? मेलेल्या बाईची अर्धी राहिलेली वाक्यं मयूरीच्या मोबाइलवर येऊन पडू लागली. दवाखान्यात गेली तर डॉक्टर म्हणाले, "तुमचे दोन रक्तगट दिसतायत. जुना चुकीचा धरलाय मशीननं, काळजी नको." मयूरी घरी येऊन टाकाकडे बघत बसली. चुकीची कोण, ती का मी?

एका शुक्रवारी संग्राम घरी होता. त्यानं पान उघडलं, गजरा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. "माळ ना," तो म्हणाला. तिनं माळला. दिवसभर डोकं ठणकत होतं, पण तिनं काढला नाही. जेवताना त्यानं ताट पुढे केलं आणि सहज म्हणाला, "रेवा, थोडी आमटी."

तो तिला रेवती म्हणायचा. रेवा कधीच म्हणाला नव्हता. मयूरीनं आमटी वाढली. रेवा कोण ते तिला कुणी सांगायला नको होतं. त्यालाही कळलं, त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिला त्याचा राग आला, मग कीव आली, आणि मग स्वतःचाच राग आला. गजरा मात्र ती त्यानंतर दर शुक्रवारी माळत गेली.

या सगळ्यात एक निरोप पुन्हा पुन्हा यायचा. "आपल्या नावे जुना वैद्यकीय इशारा आहे: भूल. हा आपलाच का?" मयूरीला सेलमला असताना दिवस राहिले होते, गर्भ नळीत अडकला, ऑपरेशन करावं लागलं. पुन्हा मूल होणार नाही असं तेव्हाच कळलं. पण भुलीचा काडीइतकाही त्रास झाला नव्हता. म्हणून ती दर वेळी 'नाही' दाबायची. खोटं कुठे होतं त्यात? खाली बारीक अक्षरात 'मूळ मजकूर वाचा' असं असायचं. मेलेल्या बाईचं दुखणं कशाला वाचा, म्हणून ती तिथं बोट लावायची नाही. इशारा काही दिवस गप्प बसायचा आणि पुन्हा यायचा, दारावर कुणी हळूच टकटक करावी तसा.

शर्वरी बारा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात एका सकाळी पोट धरून वाकली. दुपारपर्यंत तिला ताप चढला. सांगलीच्या इस्पितळात नेलं तर अपेंडिक्स. लगेच ऑपरेशन, फुटायच्या बेतात होतं. संग्राम सेलमहून निघाला होता. मयूरी पोरीचा हात धरून बसली होती, पलीकडे शालनबाई देवाचं नाव घेत होत्या.

भूल देणाऱ्या डॉक्टर मनाली शेटे आल्या, तरुण, हसऱ्या. हातातल्या पाटीवर त्यांनी एकसूत्राला विचारलं आणि उत्तर मोठ्यानं वाचलं. "आईकडून भुलीचा धोका नाही. आईला पूर्वी भूल दिली आहे, निर्धोक. बरोबर ना, ताई? तुम्हाला काही त्रास झाला होता?"

"नाही," मयूरी म्हणाली.

"छान. मग काही काळजी नाही."

शर्वरीनं टाकाला हात लावला. "आई, तू आत येशील?"

"दारापर्यंत येते बाळा."

चाकांचा पलंग निघाला. मयूरी बाजूनं चालत होती, आणि तिच्या हातातला मोबाइल थरथरला. "आपण पूर्वी नाकारलेला इशारा आपल्या मुलीच्या शस्त्रक्रियेसंदर्भात पुन्हा समोर आला आहे. कायमचा वगळायचा का?" 'हो' दाबायला तिनं अंगठा उचलला खरा. पण पलंगासोबत चालता चालता तो चुकून म्हणा किंवा आणखी कशानं म्हणा, खालच्या बारीक अक्षरांवर पडला. सेलमच्या इस्पितळातली तमिळ नोंद मराठी होऊन समोर उभी राहिली.

"भूल दिल्यावर थोड्याच वेळात जबडा आवळला. सर्व अंग कडक. ताप झपाट्याने वाढत गेला. उपाय चालले नाहीत. हा दोष रक्ताच्या नात्यातून येतो. अपत्याला कळवणे अत्यावश्यक."

हाताला चटका बसावा असा ताप. शालनबाईंचे शब्द मयूरीच्या कानात वाजले. दहा वर्षं ती ते ऐकत आली होती, आणि कळलं मात्र आत्ता.

पलंग दारातून आत चालला होता.

"थांबा!" मयूरी ओरडली. "डॉक्टर, थांबा! मी तिची आई नाही!"

सगळी मंडळी जागच्या जागी थांबली. शालनबाईंनी मागून येऊन तिचा दंड धरला. "गप गं! पोरीसमोर काय बरळतीस!"

"सोडा आत्या! तिची आई वारलीय. भुलीनं वारलीय, सेलमला. हे वाचा, डॉक्टर, हे! मशीननं आम्हा दोघींना एक केलंय. मी अंगठा लावला, मीच! ती तापानं नाही गेली, भुलीनं गेली!"

डॉक्टरांनी मोबाइल हिसकावूनच घेतला. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. "गॅस बंद. मशीन बदला. फक्त नसेतली भूल, आणि या तापावरचं इंजेक्शन भांडारातून आत्ताच्या आत्ता आणा," त्या आतल्या लोकांना म्हणाल्या. मग मयूरीच्या खांद्याला स्पर्श करून आत गेल्या.

दार मिटता मिटता मयूरीला शर्वरीचे डोळे दिसले. पोरगी तिच्याकडेच बघत होती. भूल अजून दिलेली नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बाहेरच्या बाकावर दोघी सासू-सुना बसल्या. शालनबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. "मला काय ठावं गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी तर पोरीचं भलंच बघितलं." मयूरीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कारण ते खरं होतं.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा घामाघूम होत्या, पण हसत होत्या. ऑपरेशन नीट झालं. रक्ताची तपासणीही आली होती. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: आपल्या स्नायूंत कॅल्शियमच्या येण्या-जाण्याची एक वाट असते, तिला दार असतं. काही घराण्यांत त्या दाराला जन्मतःच खोट असते. एरवी माणूस धडधाकट. पळतो, खेळतो, कुणाला शंकाही येत नाही. पण भुलीचा ठरावीक वायू लागला की दार उघडतं ते मिटतच नाही. स्नायू आवळतात, जळत राहतात, अंग भट्टी होतं. शर्वरीला ती खोट होती.

"आईकडून आलीय," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग जरा अडखळल्या. "म्हणजे, त्यांच्याकडून."

"म्हणा की आई," मयूरी म्हणाली. "तिचीच आहे."

संध्याकाळच्या उन्हात शर्वरी शुद्धीवर आली. संग्राम पोचला होता, दारातच उभा होता, आत यायचं धाडस होत नव्हतं. मयूरीनं गळ्यातला टाक काढून पोरीच्या हातात ठेवला. "ही तुझी आई. रेवती."

शर्वरीनं टाक मुठीत धरला. "देवी म्हणाला होतात तुम्ही सगळे."

 पोरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवशी मयूरीनं एकसूत्राला कळवलं: दोन बायका आहेत. एक वारली. कार्डाचं काय असेल ते आम्ही निस्तरू. थोड्या वेळानं उत्तर आलं. "नोंदी वेगळ्या केल्या. रेवती संग्राम मुळीक: मयत. इशारा अपत्यापर्यंत पोचला. हा इशारा आता बंद करण्यात येत आहे."

मयूरीनं ते दोनदा वाचलं आणि इस्पितळाच्या जिन्यात एकटीच हमसून हमसून रडली. "पोचलं गं बाई तुझं," ती म्हणाली. "केवढी वाट बघायला लावली मी तुला."

घरी आल्यावर शर्वरी तिच्याशी लागेल तेवढंच बोलायची. पाणी हवं. औषध घेतलं. हाक मारायची वेळ आली की नुसतं "ऐक" म्हणायची. संग्राम म्हणाला, "येईल ताळ्यावर."  रात्रंदिवस मयूरीला एकच वाटायचं, पोरगी वाचली पण माझी राहिली नाही. आणि तरीही पुन्हा त्या दारात उभी राहिले तर पुन्हा तेच ओरडेन, हेही वाटायचं.

शुक्रवारी किराण्याची गाडी आली. मयूरीनं खोका उपसला. डाळ, शेंगदाणे, साबण. तळापर्यंत हात घालून पाहिलं. गजरा नव्हता.

कधी एकदा टळतोय असं ज्याच्याबद्दल वाटायचं, तो नाही म्हणून घर ओकंबोकं वाटलं. तिनं पायात चप्पल सरकवली.

"कुठं चाललीस?" खाटेवरून शर्वरीनं विचारलं.

"बाजारात. मोगरा मिळतोय का बघते. शुक्रवार आहे. तिला आवडायचा."

शर्वरी बराच वेळ टाकाशी चाळा करत राहिली. "दोन आण मग. एक तिला, एक तुला."

"मला नको गं. वासानं डोकं दुखतं माझं."

पोरगी उठूनच बसली. "काय? आणि एवढे दिवस माळत होतीस?"

मयूरी दुसरी चप्पल पायानंच चाचपू लागली.

"मग तुला काय आवडतं?"

साधा प्रश्न. पण तो दहा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि मयूरीला उत्तर आठवेना. आटपाडीच्या घरामागं काहीतरी फुलायचं, पिवळं. ते आवडायचं का? ती एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात आठवत उभी राहिली, आणि तेवढ्यात मोबाइल थरथरला.

"आण इकडं," शर्वरी म्हणाली, आणि खाटेपाशी आलेल्या मयूरीच्या हातून मोबाइल घेऊन तिनं निरोप मोठ्यानं वाचला. "मयूरी जगन्नाथ घाडगे, लग्नानंतर आपली कोठेही नोंद आढळत नाही. आपण हयात आहात का?"

वाचून झाल्यावर तिनं मयूरीकडे पाहिलं. मयूरीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. शर्वरीनं खाटेवरूनच हात लांब केला, तिचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि तिचा अंगठा काचेवर टेकवला.

"आहे म्हणून सांग की, आई," ती म्हणाली.